पाच नंबरची पट्टी

१

मंगळवारी सकाळी सात वाजता पाच नंबरची पट्टी फुटलेली सापडली आणि बुधवारी साडेसातला आमच्याकडचा फोन खणखणला. फोन माझ्या नणंदेसाठी होता. आमच्याकडे सकाळी येणारे फोन नणंदेसाठीच असतात, माझ्यासाठी येतात ते चुकून लागलेले.

आमच्या वन्सं तीस वर्षं एका विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासत होत्या. खचलेल्या भिंती, जळालेली गोदामं, ‘आपोआप’ फुटलेल्या टाक्या, सगळं त्यांनी भिंगातून पाहिलंय. घर खोटं बोलत नाही, घरातली माणसं बोलतात, असं त्या म्हणतात आणि म्हणताना नेमक्या माझ्याकडे बघतात. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी लोक त्यांना सोडत नाहीत. त्यांना गाडी चालवता येत नाही, म्हणून मलाही सोडत नाहीत.

नऊ वाजता आम्ही त्या घरापुढे उभ्या होतो. खरं सांगते, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं बांधकाम अर्धवट राहिलंय. ना उतरतं छप्पर, ना कुठे नक्षी. नुसतं राखाडी काँक्रीट, त्यावर साच्याच्या फळ्यांच्या रेघा तशाच उमटलेल्या. बागेकडची अख्खी भिंत काचेची आणि तिच्यावर चौदा फूट पुढे आलेला सज्जा, खाली एक खांब नाही. त्याच्याखाली जायला मी जरा कां कूं केलं. पण पाच मिनिटं तिथे उभी राहिले आणि काय सांगू, तिथून हलावंसंच वाटेना.

गेटवर, ज्यांनी फोन केला होता त्या, या घराच्या दुरुस्तीचं काम बघणाऱ्या इंजिनिअरबाई वाट बघत होत्या. तिशीच्या असतील, डोळे रडून लाल. त्यांनी सगळं नीट सांगितलं. हे घर पन्नास वर्षांपूर्वी ‘साहेबां’नी, म्हणजे इथल्या माईंच्या यजमानांनी, स्वतः आखून बांधलं. साहेब आठ वर्षांपूर्वी गेले. मूलबाळ नाही. माई आता अठ्ठ्याहत्तरच्या. जुनी घरं जपणारी एक संस्था हे घर ताब्यात घेऊन पुढची शंभर वर्षं सांभाळायला तयार झाली होती, आणि माईंनी शेवटपर्यंत इथेच राहायचं असंही ठरलं होतं. अट एकच होती. सज्जा भिंतीला मिळतो तिथल्या तुळईला एक लांब तडा आहे, तो वाढत नाही हे सिद्ध व्हायला हवं.

त्यासाठी तड्यावर काचेच्या आठ पट्ट्या बसवल्या होत्या. वीतभर लांब, बोटभर रुंद. पट्टी तड्यावर आडवी धरायची आणि दोन्ही टोकं भिंतीला पक्की चिकटवायची. तडा केसभर उघडला तरी काच तुटते आणि घर चुगली करतं. अकरा महिने आठही पट्ट्या शाबूत होत्या. ऐन कडाक्याच्या थंडीत, पहाटे पाचला शिडीवर चढून बसवल्या होत्या, बोटं बधिर झाली होती, असं इंजिनिअरबाई सांगत होत्या. मी म्हटलं, एवढा आटापिटा कशाला, दुपारी उन्हात बसवल्या असत्या तर काय बिघडलं असतं? त्या सांगणार तेवढ्यात मागून एका गाडीने कर्णकर्कश हॉर्न वाजवला आणि ते बोलणं तिथेच राहिलं.

गाडीतून माईंचा पुतण्या उतरला. गाडीचं दार उघडंच, गेट उघडंच, हातातला कागदी कप झाडाच्या कुंडीत. इंजिनिअरबाई हळूच म्हणाल्या की याने गिऱ्हाईक आणून ठेवलंय, त्याला फक्त जागा हवीये, घर पाडणार. उद्या दहाला संस्थेचे लोक सह्या करायला येणार होते. पाच नंबरची पट्टी अशीच राहिली तर ते आल्या पावली परत जाणार, एकट्या माईंना घर झेपणार नाही आणि ते त्या गिऱ्हाइकाच्या घशात.

मी कुंडीतल्या कपाकडे बघितलं आणि गुन्हेगार तिथल्या तिथे पकडला.

२

माई दारात आल्या त्या उजवा गुडघा दाबत. परवापासून दुखतोय म्हणाल्या. लहानखुऱ्या, ताठ, केस घट्ट बांधलेले, आणि चेहरा असा उतरलेला की मला त्यांना आधी खुर्चीत बसवावंसं वाटलं.

आतलं घर म्हणजे शिस्तीचा नमुना. एका भिंतीला नुसते खण. बेचाळीस मोजले मी. प्रत्येकावर साहेबांच्या अक्षरात छोटी पाटी. ‘दोऱ्या’. ‘बल्ब, चालू’. ‘खिळे, सरळ’. शेजारी ‘खिळे, सरळ करायचे’. आणि अगदी खालच्या रांगेत ‘तुटलं, पण लागेल’. मला हसू फुटलं. माई म्हणाल्या, साहेबांचा नियम होता, या घरातला कपचाही बाहेर जायचा नाही, कारण त्यासारखा दुसरा पुन्हा मिळत नाही. त्या हा नियम अजून पाळतात. आमच्याकडे एक खण आहे, त्यात सगळं आहे आणि वेळेला काही सापडत नाही.

भिंतीवर साहेबांचा मोठा फोटो होता. त्या काचेच्या भिंतीमुळे खोलीतल्या प्रत्येक चकचकीत वस्तूत बाग दिसत होती, कपाटाच्या दारात, घड्याळात, माझ्या चष्म्यातसुद्धा. फोटोतले साहेब मात्र कुठूनही बघा, स्पष्ट दिसत होते. फार जिवंत फोटो आहे, असं मी म्हटलं, तर माईंनी मान खाली घातली. मला वाटलं, आठवण आली असेल.

मग आम्ही सज्ज्याखाली गेलो. रंगाऱ्याची घोडी, ती पायऱ्यांची चौकट असते ना, ती तिथेच उभी होती. वन्सं साठी उलटल्यात, पण पुरावा वर असला की त्यांचे पाय दुखत नाहीत. चढल्या. पाच नंबरची पट्टी बरोबर तड्यावर मधोमध दुभंगली होती. इंजिनिअरबाई खालून सांगत होत्या, मी तडा मोजून बघितला, तो होता तेवढाच आहे, म्हणूनच माझं मन मानत नाही. पण केसभराचं मोजमाप कोण ऐकतंय, फुटलेली काच सगळ्यांना दिसते. शेजारच्या चार आणि सहा नंबरच्या पट्ट्या शाबूत आहेत खऱ्या, पण तडा आधी मधूनच उघडतो, असं संस्थेचा माणूस म्हणणारच.

वन्संनी चार नंबरच्या पट्टीवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. रुमालाला पुसून सहा नंबरवर फिरवलं. पुन्हा काळं. मग पाच नंबरच्या तुकड्यावर फिरवलं आणि बोट माझ्यापुढे धरलं. स्वच्छ होतं.

“वहिनी,” त्या म्हणाल्या, “ही काच अकरा महिन्यांची नाही. फार तर दोन दिवसांची आहे.”

३

म्हणजे कुणीतरी खरी पट्टी काढून खोटी लावली होती. इंजिनिअरबाईंचा चेहरा एका क्षणात फुलला आणि दुसऱ्या क्षणी संतापाने लाल झाला. सोमवारी सकाळी नऊला त्यांनी स्वतः धूळ बसलेली पट्टी पाहिली होती. मंगळवारी सातला फुटकी. जे काही झालं ते त्या मधल्या वेळात. वन्सं बाकावर बसल्या आणि एकेकाला बोलावून घेतलं. बाक म्हणजे बागेतला काँक्रीटचा जाडजूड ठोकळा, साहेबांनी सज्ज्यासोबतच ओतून घेतलेला. त्यालाही एक म्हातारा तडा होता.

पहिला रंगारी. त्याला सगळे खरवडराव म्हणतात, कारण तो रंग लावतो कमी आणि खरवडतो जास्त. गेले चार महिने तो एका बारीक पात्याने भिंतींवरचे जुने थर एकेक करून काढत होता आणि सर्वांत खालचा, साहेबांनी निवडलेला रंग शोधत होता. सात थरांखाली त्याला फिकट पिवळा सापडला होता आणि तो स्वतःला पोर झाल्यासारखा आनंदात होता. सोमवारी दुपारी बारा ते पाच तो रंग जुळवून आणायला बाहेर होता. परत आला तर त्याच्या सामानाला कुणीतरी हात लावलेला. त्याची तक्रारच होती. त्याच्याकडे एक लांबी असते, भेगा बुजवायची, दोन डब्यांतलं मिसळून करायची, अर्ध्या तासात दगड होते. तीच वापरली होती.

वन्संनी विचारलं, कशावरून? तर म्हणाला, “डब्याचं झाकण लावलेलं होतं. मी जन्मात कधी झाकण लावलेलं नाही. आणि पातं धुऊन, पुसून ठेवलं होतं.”

त्याला फार अपमान वाटला होता. मला तो चोर आवडायला लागला.

दुसऱ्या घर सांभाळणाऱ्या बाई. कमरेला किल्ल्यांचा झुबका, म्हणून किल्लीबाई. बावीस वर्षं इथे आहेत. रोज एक ते चार आपल्या घरी जातात, सोमवारीही गेल्या होत्या. पट्ट्यांना हात लावायचा नाही अशी त्यांना सक्त ताकीद होती आणि ती त्यांना फार लागली होती. बावीस वर्षांत माझ्या हातून एक बशी फुटली नाही, असं त्या तीनदा म्हणाल्या. जाता जाता एक सांगून गेल्या. पाच नंबरच्या पट्टीजवळ आठवडाभर गांधीलमाश्यांचं पोळं होतं. माईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, राहू दे, मी बघते. मंगळवारी बघितलं तर पोळं गायब. रंगाऱ्याने काढलं असणार.

खरवडरावांना हाक मारून विचारलं. त्यांनी कानाला हात लावले. त्या माश्यांना घाबरूनच ते आठवडाभर बागेच्या दुसऱ्या टोकाला काम करत होते.

तिसरा पुतण्या. तो येऊन बाकावर बसला, बिस्किटाचा चुरा माझ्या ओच्यात पडला. सोमवारी पावणेतीनला आलो होतो, त्याने सरळ कबूल केलं. बेल वाजवली, कितीतरी वेळ कुणी दार उघडेना. मग काकूने उघडलं, हात ओले होते, भांडी घासत असेल. साडेतीनला गेलो. घर विकायचं म्हणतो, हो म्हणतो, काकू इथे रात्री एकटी असते, पडली झडली तर कळणार कुणाला? माझ्याकडे मोकळी खोली आहे, ती यायलाच तयार नाही. एवढं बोलून तो उठला आणि चहाचा कप बाकावर तसाच ठेवून गेला, खाली गोल डाग.

मी वन्संना म्हटलं, झालं, आता आणखी काय हवंय? संधी होती, कारण होतं, नेमक्या वेळी हजर होता.

“वहिनी,” वन्सं म्हणाल्या, “जो माणूस गाडीचं दार लावत नाही, तो दुसऱ्याच्या डब्याचं झाकण लावेल?”

मी गप्प बसले. असं माझं वर्षातून दोनदा होतं.

४

जेवणं झाल्यावर इंजिनिअरबाईंचा बांध फुटला. त्यांनी सगळ्यांदेखत पुतण्याला सांगितलं की पट्टी बदलल्याचं मी संस्थेला लिहून कळवणार आहे आणि कुणी बदलली हेही लिहिणार आहे. पुतण्या आधी पांढरा पडला, मग तांबडा झाला. मी असलं काही करीन का, असं म्हणाला. चाळिशीचा बाप्या, पण त्या क्षणी काकूकडे लहान मुलासारखं बघत होता.

माई टेबलाच्या कडेला हात धरून उठल्या. “त्याला कुणी काही बोलू नका. त्याने काही केलेलं नाही.” मग थांबून म्हणाल्या, “आणि कुणी काय लावलं याने आता काय फरक पडतो? लावलेली काच रात्रीत फुटली ना? घर हललंय. संपलं.”

मला माईंचा राग आला, खरंच आला. बाकीचे सगळे घरासाठी भांडतायत आणि घरची मालकीणच हात टेकून मोकळी. पण वन्सं माईंकडे बघत नव्हत्या. त्या भिंतीकडे बघत होत्या.

त्यांनी सगळ्यांना बागेत पाठवलं. मी कप विसळायच्या निमित्ताने मागे राहिले. कप आधीच विसळलेले होते, तरी पुन्हा विसळले. वन्सं उठून साहेबांच्या फोटोपुढे गेल्या आणि त्यांनी साहेबांच्या खांद्यावर अलगद बोट टेकवलं. बोट थेट कागदाला लागलं.

“माई,” त्यांनी हळू विचारलं, “फोटोची काच कुठे आहे?”

५

माई खाली बसल्या आणि रडायलाच लागल्या. मी कप टाकून धावले, पाठीवरून हात फिरवला. वन्संनी त्यांना बोलायचा त्रास दिला नाही, स्वतःच सांगत गेल्या. पोळ्याचं मी बघते, असं माईच म्हणाल्या होत्या. सोमवारी दुपारी किल्लीबाई नाहीत, रंगारी नाही, घरात माई एकट्या. गुडघा त्या घोडीच्या पायऱ्या चढून दुखावला. हात ओले होते ते पातं धुतल्यामुळे. झाकण लावून, पातं पुसून ठेवणारं माणूस या घरात दुसरं कोण? आणि साहेबांचा फोटो भिंतीवरून काढायची छाती दुसऱ्या कुणाची होणार?

“पाहुणे येणार, आणि दारात माश्यांचं पोळं,” माई म्हणाल्या. “लांब झाडूने काढायला गेले आणि दांडा पट्टीच्या टोकाला लागला. अकरा महिने, हो. अकरा महिने घराने दम धरला आणि मी एका फटक्यात घालवलं. झाडूने फुटली म्हटलं असतं तर कुणी खरं मानलं असतं का?”

मग त्यांनी उरलेली पट्टी रंगाऱ्याच्या पात्याने अलगद सोडवली, साहेबांचा काच कापायचा हिरा काढला, फोटोची काच उतरवली आणि त्याच मापाची पट्टी कापली. पन्नास वर्षं साहेबांच्या हाताखाली काढली होती, काच कापणं त्यांना नवं नव्हतं. पट्टी बेमालूम बसली. आणि सकाळी बघतात तर फुटलेली.

“घरानेच माझी चोरी पकडली,” त्या म्हणाल्या. “मी खोटी पट्टी लावली आणि त्याच रात्री घर खरंच हललं. आता कुठल्या तोंडाने सांगू? साहेब म्हणायचे, मी नसलो तरी तू आहेस ना, घराला काही होत नाही. आणि माझ्याच डोळ्यांदेखत ते चाललंय.”

माझ्याच डोळ्यांना पदर लागला. वन्सं मात्र भलत्याच ठिकाणी अडकल्या होत्या.

“पट्टी किती वाजता लावलीत?”

“अडीच. अडीच वाजले असतील.”

वन्सं हसल्या. चांगल्या खळखळून हसल्या. माझ्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली, मी त्यांना असं हसताना तीनदा पाहिलंय. मग त्यांनी विचारलं की मूळ पट्टीचे तुकडे कुठे टाकलेत, आणि माई तोंड उघडायच्या आत मी उठले होते. हे मला ठाऊक होतं. मी खालच्या रांगेतला खण ओढला, ‘तुटलं, पण लागेल’. वर्तमानपत्रात गुंडाळून, दोऱ्याने बांधून ठेवलेली पुडी. आत दोनच तुकडे. एक नखाएवढा, त्याच्यावर दांड्याचा मार बसल्याची चांदणी. दुसरा जवळजवळ अख्खी पट्टी, धुळीने मळलेली, आणि तिच्या बरोबर मधोमध तड्यातून झिरपलेल्या पाण्याची बारीक रेघ. त्या रेघेवर काच जराही तडकलेली नव्हती.

इंजिनिअरबाईंना बोलावलं. त्यांनी तो तुकडा उजेडात धरला आणि तोंडावर हात ठेवला. म्हणजे सोमवारी दुपारपर्यंत तडा हललेला नव्हता. याहून मोठा साक्षीदार कुठून आणणार? आणि रात्रीत फुटलेल्या काचेचं काय? सकाळी हॉर्नमुळे राहिलेलं वाक्य त्यांनी आता पुरं केलं. काँक्रीट उन्हाने फुगतं, थंडीने आकसतं. आकसलं की तडा केसभर उघडतो, तापलं की मिटतो, रोजच्या रोज, सगळ्याच घरांत. म्हणून त्यांनी पट्ट्या वर्षातल्या सर्वांत थंड पहाटे बसवल्या होत्या. तडा उघडायचा तेवढा उघडलेला असतानाच. त्यानंतर काच फक्त दाबली जाते आणि दाब काच सोसते, ओढ सोसत नाही. माईंनी पट्टी लावली भर दुपारी, तडा मिटलेला असताना. पहाटे तो नेहमीसारखा उघडला आणि काच तुटली. माईंनी काच बरोबर कापली, लांबी बरोबर मिसळली, फक्त वेळ चुकली.

माईंनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळे पुसले. “माझं मन राखायला सांगताय,” त्या म्हणाल्या. “मी कसा विश्वास ठेवू?”

वन्संनी घड्याळात बघितलं. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

६

फोटोच्या उरलेल्या काचेतून दोन पट्ट्या निघाल्या. त्या माईंनीच कापल्या, हात जराही हलला नाही. एक वर तुळईवर लावली, पाच नंबरच्या शेजारी. दुसरी कुठे लावायची? वन्सं बागेत गेल्या आणि त्यांनी बाकावरच्या तड्यावर बोट ठेवलं. दोन्ही पट्ट्या अडीच वाजता बसल्या. लांबी खरवडरावांनी मिसळली आणि वन्संसमोर, फार मोठा त्याग केल्यासारखं, झाकण लावलं.

आम्ही तिथेच मुक्काम केला. सकाळी साडेपाचला मला हलवून उठवलं तेव्हा माझा पारा चढला होता, पण बाहेर येऊन बघते तर सगळे आधीच जमलेले. गार वारा, शाली, हातात चहा. माई सज्ज्याखाली खुर्चीवर, नजर वर. पुतण्या बॅटरी घेऊन बाकावर.

पावणेसहाच्या सुमाराला वरून बारीक आवाज आला. टक्. माईंनी डोळे मिटून घेतले. मी सज्ज्याखालून दोन पावलं मागे सरले, आदल्या दिवशी सगळं समजूनसुद्धा.

पाच मिनिटांनी पुतण्या बाकावरून म्हणाला, “काकू, इथलीपण तुटली.”

माईंनी डोळे उघडले. वन्सं बाकापाशी गेल्या, त्यावर बसल्या, दोनदा दणकन आपटून बघितलं. “हा जमिनीवर बसलेला आहे, माई. हा पडून पडून कुठे पडणार?”

आधी इंजिनिअरबाई हसल्या, मग किल्लीबाई, मग माई. माई हसता हसता रडल्या आणि रडता रडता हसल्या, आणि सज्ज्याच्या खालच्या बाजूला हात पोचत नव्हता म्हणून त्यांनी काचेच्या भिंतीवरच हात फिरवला. उजाडेपर्यंत आम्ही तिथेच बसलो होतो.

दहाला संस्थेचे तिघे आले. अध्यक्ष म्हणजे कडू औषध प्यायल्यासारखा चेहरा. माईंनी त्यांना बसूसुद्धा दिलं नाही. झाडू, पोळं, फोटोची काच, सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, एक शब्द गिळला नाही. इंजिनिअरबाईंनी तुकडे दाखवले, बाक दाखवला, शाबूत असलेल्या सात पट्ट्या दाखवल्या. त्या तिघांतल्या जाणकाराने अर्धा तास उलटसुलट विचारलं आणि शेवटी अध्यक्षांकडे बघून मान हलवली. घर ठीक होतं.

मग माईंनी किल्लीबाईंच्या कमरेचा झुबका मागून घेतला आणि अध्यक्षांपुढे धरला.

“घर घ्या,” त्या म्हणाल्या. “पण मला ठेवू नका. तुमचा पुरावा मी मोडला आणि वर लपवला. अशा माणसाच्या हातात शंभर वर्षांचं काम देऊ नये. मी पुतण्याकडे जाईन.”

पुतण्याला हेच तर हवं होतं. पण तो आनंदी दिसेना. त्याने काकूच्या खांद्यावर हात ठेवला आणि अध्यक्षांकडे असं बघितलं की मी त्याला कुंडीतला कप तत्काळ माफ केला.

अध्यक्षांनी किल्ल्या घेतल्या नाहीत. त्यांनी विचारलं, ते तुकडे ठेवले कुठे होते? माईंनी खण दाखवला. अध्यक्ष गुडघ्यांवर हात टेकून वाकले, चष्मा लावला आणि पाटी वाचली. एकदा वाचली, मग पुन्हा वाचली.

“हे तुकडे तुम्ही केराच्या टोपलीत टाकले असते तर आज हे घर गेलं होतं,” ते म्हणाले. “चूक लपवणारे पुष्कळ भेटतात. लपवतानाही घराचा तुकडा जपून ठेवणारं माणूस मी पहिल्यांदा बघतोय. किल्ल्या परत बांधा, बाई. तुम्ही इथेच राहायचं.”

माईंनी झुबका तसाच पुढे धरून ठेवला होता. अध्यक्ष मात्र पक्के. घर सांभाळण्याचं जे जाड नियमांचं पुस्तक इंजिनिअरबाईंनी केलं होतं, पुढच्या शंभर वर्षांसाठी, त्यात त्यांनी दोन कलमं तिथल्या तिथे वाढवून घेतली. पट्टी पहाटेच बसवावी. आणि गांधीलमाश्यांचं पोळं दिसल्यास माईंना कळवू नये. पुतण्याने तिसरं सुचवलं, रात्री सोबतीला तो आठवड्यातून तीनदा येईल. तेही लिहिलं. सह्या झाल्या.

निघताना मी फोटोला नवी काच बसवून आणायची का विचारलं. माई नको म्हणाल्या. आता ते नीट दिसतात, असं म्हणून त्यांनी पहाटे तुटलेल्या दोन्ही पट्ट्यांचे तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळले, दोऱ्याने बांधले आणि पुडी पुतण्याच्या हातात दिली.

“काकू, आता हे कशाला?”

“लागेल,” माई म्हणाल्या.

त्याने वाकून खालच्या रांगेतला खण ओढला, पुडी आत ठेवली, आणि वन्संनी घसा खाकरल्यावर खण पुरता लावलाही.